तळावर पाय ठेवू नये

१

वर्नाच्या तोंडाला लागू नये, हे टोळीवर आलेला नवा माणूस पहिल्याच दिवशी शिकायचा. दुसऱ्या दिवशी शिकायचा ते हे, की खड्ड्याच्या तळावर पाय ठेवू नये. दोन्ही धडे द्यायची वर्नाच.

पोर्टलँडच्या पूर्वेकडच्या गल्ल्यांतून त्यांची टोळी शोषखड्डे खणत फिरायची. रस्त्यावरचं पावसाचं पाणी गटारातून जाऊन नदी नासवण्यापेक्षा तिथल्या तिथं जिरावं, म्हणून फुटपाथच्या कडेनं हे लांबट खड्डे. वीस फूट लांब, सहा फूट रुंद, साडेतीन फूट खोल. नंतर वर भुसभुशीत माती पडते, लव्हाळी लागतात, आणि येणारा-जाणारा म्हणतो, वा, काय छान बगिचा! बगिचा कसला डोंबलाचा. सगळा जीव तळात असतो. तळ चाळलेल्या पिठासारखा मोकळा हवा. त्यावर माणूस एकदा उभा राहिला की माती दबते, दबली की पाणी पीत नाही, आणि पाणी प्यायली नाही की बगिच्याचं डबकं होतं. म्हणून पोकलेन रस्त्यावरच उभं करायचं, तिथूनच हात लांब करून खणायचं, शेवटी बकेटच्या दातांनी तळ फूटभर उकरायचा. आणि एकदा उकरला की तिथं मांजर उतरू द्यायचं नाही.

वर्नाचं काम काठी धरायचं. रस्त्यावर तिपाईवर लेझर गरगर फिरत राहायचा. काठीला एक डबी अडकवलेली. काठीचं टोक जमिनीला टेकवलं की डबी बोलायची. जमीन वर राहिली असेल तर सावकाश टुक, टुक. जास्त खाली गेली असेल तर भराभर. आणि बरोबर लेव्हलला असेल तर एकच लांब सूर. तो सूर ऐकला की वर्ना मूठ मिटायची, आणि पोकलेनवाला ओरिन हात थांबवायचा. खणाई चालू असताना ती अजून न उकरलेल्या टोकाला खड्ड्यात उभी राहायची. तळ उकरून झाला की काठाकाठाला आडवी फळी टाकून तीवरून काठी खाली सोडायची.

"तुझं लाल हेल्मेट मला दिसत राहू दे, म्हातारे," ओरिन वरून म्हणायचा. "ते दिसलं नाही तर मी बकेट हलवणार नाही. तुरुंगात जायची हौस नाही मला."

"म्हातारी तुझी आई," वर्ना म्हणायची.

काठीवर तिच्या हनुवटीच्या उंचीला तिनं काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. काठी कुणाची हे कळावं म्हणून, आणि नजरेनंच खोली अजमावता यावी म्हणूनही. चौपन्न वर्षांची बाई. शाळेत चार बुकं शिकलेली, पण एकोणीस वर्षांत तिच्या हाताखालचा एकही तळ नापास झाला नव्हता. गेल्या साली एक गवंडी उकरलेल्या तळात उतरून सिगारेट ओढत बसला, तर त्याला तिनं त्याच दुपारी टोळीवरून घालवलं होतं. "मुलंबाळं आहेत त्याची," कुणी म्हणालं. "मग घरी बसून त्यांना धुराची वर्तुळं काढून दाखवू दे," ती म्हणाली. विषय संपला.

टोळीवर सगळे तिला नावानं हाक मारत. टोळी सोडली तर दुसरीकडे कुठं तिचं नाव घेणारं कुणी उरलं नव्हतं.

२

सोमवारी दुपारी तळ उकरून झाला. ओरिन आणि बाकीचे कोपऱ्यावरच्या गाडीवर जेवायला गेले. वर्ना गेली नाही. ती कधीच जायची नाही. पिकअपच्या मागच्या फळीवर बसून ब्रेडमध्ये उकडलेलं अंडं घालून खायची आणि खड्ड्याची राखण करायची.

सप्टेंबरचा शेवट होता, पाऊस अजून लांब होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आडवी टाकलेली फळी काढून घ्यावी म्हणून ती वाकली, तर खिशातला फोन घसरला आणि तळात पडला. आणि पडल्या पडल्या वाजायला लागला.

वर्नाचा फोन वाजायचा नाही. मुकादम हॅस्किन्स कामाचा निरोप लिहून पाठवायचा. फोन करील असं जगात एकच माणूस होतं, तिची बहीण ग्लेनिस. आयडाहोत राहायची. दोन वर्षांपूर्वी आईच्या मातीला गेल्यावर वर्ना तिला नको ते बोलून गेली होती, आणि मग तिच्या तोंडाचं जे व्हायचं तेच झालं. परत जोडायला शब्द सापडला नाही. दोन वर्षं ती वाट बघत होती, पण आपण फोन करायचा नाही या हट्टावर बसून.

तिनं विचार केला नाही. तिनं उडी मारली. दोन्ही पाय जोडून, उकरलेल्या तळात.

"ग्लेनिस?"

"नमस्कार," फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "आपल्या मोटारीच्या विम्याची मुदत संपत आली आहे..."

ती जितीजागती बाई नव्हती, यंत्रातली होती. फोन ठेवायचा की नाही? कुणीही ठेवला असता. वर्नानं ठेवला नाही. ती तिथंच उभी राहिली, पाय जुळवून, आणि ती बाई जे जे म्हणत होती ते सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तीन मिनिटं, चार मिनिटं. आवाज गोड होता. मग खट्टकन बंद झाला.

काठावर हात टेकून ती वर चढली आणि मागं वळून पाहिलं. तळात दोन ठसे. शेजारी शेजारी, दोन-दोन इंच खोल, फुटपाथकडे तोंड केलेले.

आता काय करायचं हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. सांगायचं, की मी उतरले. ओरिननं बकेट घालून तिथली माती फूटभर काढायची, मोकळी करायची, परत टाकायची. तासाचं काम. पण गवंड्याला घालवणारी वर्ना हे कुठल्या तोंडानं सांगणार? आणि कशासाठी उतरलीस म्हटलं तर काय सांगणार? विम्याच्या बाईशी बोलायला?

तिनं फावडं उलटं धरून काठावरून माती ओढली. ठसे बुजवले. वरून दाताळं फिरवलं. ओरिन दात कोरत परत आला तेव्हा तळ आरशासारखा साफ होता.

३

मंगळवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. फळी टाकली, काठी सोडली. एका टोकाला लांब सूर. मध्यावर लांब सूर. कालच्या त्या जागेवर मात्र टुक, टुक, टुक.

वर? जमीन वर?

ती फळीवर पोटावर पडून खाली बघायला लागली. दोन ठसे होते. पण खाली दबलेले नव्हते. वर आलेले होते. पोळीवर फुगा यावा तशी अर्ध्या इंचानं फुगलेली माती, बुटाच्या आकाराची, तळव्याच्या नक्षीसकट. जसा काही कुणी खालून, तळव्याकडून, मातीवर पाय दाबला होता.

वर्ना अडाणी असेल, खुळी नव्हती. तिनं एकेक कारण काढलं आणि एकेक टाकून दिलं. गोठून माती फुगते, पण गोठायला थंडी कुठं होती? चिकणमाती पाणी पिऊन फुगते, पण पाणी कुठं होतं? घूस असेल, तर घूस काय बूट घालून फिरते? मग तिला पटेल असं एक सापडलं. मी काल माती ओढली ती तिथं जास्त पडली, दाताळं नीट फिरलं नाही, बाकीची हलकी माती रात्रीत बसली आणि ही राहिली वर. झालं. असंच असणार.

तिनं फळीवरून लांब दांड्याचं फावडं घालून ते दोन उंचवटे तासून काढले. माती विटेसारखी घट्ट होती. फावड्यावर एक ढेप वर आली, ती तिनं हातानं उचलून टाकली.

ढेप कोमट होती.

डबी लांब सुरात बोलली. लेव्हल बरोबर.

संध्याकाळी पिकअपमध्ये बसली तर मागचं दाखवणारा आरसा वाकडा. गाडीचं छत दिसत होतं नुसतं. कुणी मेल्यानं हात लावला? तिनं तो जरा खाली वळवून घेतला आणि घरी गेली.

४

बुधवारी उंचवटे दीड इंचाचे होते.

आता नक्षी स्पष्ट दिसत होती. डाव्या टाचेचा बाहेरचा कोपरा झिजलेला. उजव्या तळव्याला खिळ्यानं पडलेली आडवी चीर. वर्नानं पिकअपच्या फळीवर बसून आपला उजवा पाय मांडीवर घेतला आणि पाहिलं. चीर होती. बोटभर, आडवी.

ती बराच वेळ चिरेवरून अंगठा फिरवत बसली. मग उठली आणि तासलं. दुसरं काय करणार? गुरुवारी शहराची तपासनीस यायची होती. तळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त वर नको, खाली नको.

तासताना तिला पावलांत काहीतरी गार गार जाणवलं. ओल्या वाळूत उभं राहिल्यावर पाणी मागं सरकतं आणि टाचेखालची वाळू निघून जाते ना, तसं. पण ती तर फळीवर गुडघे टेकून होती.

ओरिन कॉफीचा थर्मास घेऊन आला. "काय गं, आज फळी खाली वाकलीय की काय? तुझे नुसते खांदेच मला कुंपणाच्या वर दिसले." खड्ड्याभोवती कमरेएवढं केशरी जाळीचं कुंपण असायचं. "गेल्या आठवड्यात निम्मी छाती दिसत होती."

"छातीकडे बघायचं वय नाही तुझं. कामाकडे बघ."

"खरंच सांगतो. ये, उभी राहा इथं." त्यानं तिला शेजारी उभं केलं आणि हसला. "माझ्या कानापर्यंत यायचीस तू. आता हनुवटीला लागलीस. म्हातारपणी माणूस खचतं गं, माझी आजी अशीच आत आत गेली."

"तुझ्या बुटांना नवे तळ लागलेत, मुडद्या," वर्ना म्हणाली. "आणि खचायला मी काय भिंत आहे?"

तो हसत मशीनकडे गेला. त्याच्या बुटांना नवे तळ लागले नव्हते. वर्नानं बघून घेतलं होतं.

मग तिनं काठी उचलली. सरळ उभी धरली. काळी पट्टी हनुवटीला यायला हवी होती. ती वरच्या ओठावर आली.

पट्टी सरकली असेल. तिनं नखानं कडा उचलून पाहिली. खाली चार वर्षांचा मळलेला डिंक होता, बरोबर पट्टीएवढा, जिथल्या तिथं. पट्टी सरकली नव्हती.

५

तिचं घर म्हणजे एक स्वयंपाकघर आणि एक झोपायची खोली. तळमजल्यावर. खाली दुसरं बिऱ्हाड नाही. लाकडी जमीन, तिच्याखाली हातभर पोकळी, आणि मग नुसती माती.

कॉफीचा कप फडताळाच्या वरच्या कप्प्यात असायचा. तिनं हात वर केला तर बोटं कडेला लागली आणि कप लागला नाही. टाचा उचलल्या तेव्हा लागला. न्हाणीघराच्या आरशात ती बघायला गेली, तर आरशात डोळे होते, नाक होतं, आणि तिथं आरसा संपत होता. काल तोंड दिसत होतं का? काल बघितलं होतं का? एकटं माणूस आरशात काय काय बघतं आणि काय काय बघायचं राहून जातं, याचा हिशेब कोण ठेवतं? घरात दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, अगं, तू अशी काय दिसतेस. कुणी नव्हतं.

तिनं डब्यातलं राजम्याचं कालवण गरम केलं आणि चुलीपाशी उभ्या उभ्याच खाल्लं. मग बशी धुवायला मोरीकडे चालत गेली. चार पावलं.

आणि तिच्या पावलांखाली, लाकडाच्या खालच्या अंगाला, चार पावलं वाजली. एका श्वासाइतकी उशिरा.

वर्ना थांबली. आवाज थांबला. ती एक पाऊल पुढं गेली. ठप्प. खालून एक पाऊल पुढं आलं. ठप्प.

लाकूड जुनं आहे, ती स्वतःशी मोठ्यानं म्हणाली. फळीवर वजन पडलं की फळी वाजते, वजन उचललं की परत वाजते. एवढंच.

ती खुर्चीवर बसली आणि दोन्ही पाय वर घेतले. लहान मुलीसारखे पोटाशी धरून बसली. फोन टेबलावर होता. ग्लेनिसचा नंबर तिला पाठ होता. तिनं सहा आकडे दाबले, आणि मग काय सांगू? मी कमी होते आहे? ग्लेनिस म्हणेल, बरं झालं.

तिनं आकडे पुसले. खाली, तिच्या खुर्चीच्या बरोबर खाली, कुणीतरी उभं होतं. आवाज नव्हता. पण उभं राहिलेलं माणूस आवाज करत नाही म्हणून का कळत नाही?

६

गुरुवारी सकाळी आठ वाजता उंचवटे चार इंचांचे होते. आता ते नुसते ठसे राहिले नव्हते. दोन तळवे होते, अख्खे, मातीचे, आकाशाकडे केलेले. घोट्यापर्यंत वर आलेले. कुणी डोक्यावर उभं राहून जमिनीत गाडलं गेलं असावं, आणि पाय तेवढे बाहेर राहावेत, तसे.

तिनं फावडं मारलं. फावडं ठण्णकन वाजलं आणि हाताला झिणझिण्या आल्या. फावड्याचं काम नव्हतं हे. आता पोकलेनच पाहिजे. आणि पोकलेन बोलवायचं तर कारण सांगायला पाहिजे.

आणि तिथं, फळीवर गुडघ्यावर बसलेली असताना, वर्नाच्या डोक्यात जे तीन दिवस दाराबाहेर उभं होतं ते सरळ आत आलं. मंगळवारी मी अर्धा इंच तासला. बुधवारी दीड इंच तासला. तिनं काठी उभी केली. काळी पट्टी कालच्यासारखी वरच्या ओठावर होती. हनुवटीपासून वरच्या ओठापर्यंत दोन बोटं. दोन इंच.

आता चार तासले तर?

खोटं असेल. डोकं फिरलं असेल. पण खोटं असलं तरी तासायचं नाही, एवढं तिनं ठरवलं. सांगायचं. मी पाय ठेवला, मी लपवलं, मला घालवा. हा खड्डा बुजवा, दुसरीकडे खणा, पण ते पाय कापू नका.

ती हॅस्किन्सच्या गाडीकडे निघाली. तो चाकामागे बसून डोनट खात होता. तपासनीस मिस ट्रॅन शेजारी उभी राहून कागद चाळत होती. पाण्याचा टँकर येऊन लागला होता.

"ही बघा, हीच ती," हॅस्किन्स तोंडातला घास गिळत म्हणाला. "वर्ना. एकोणीस वर्षं. हिच्या तळावर माशी बसत नाही. बसली तर ही माशीला शिव्या घालून घालवते."

मिस ट्रॅन हसली. "तुमच्याबद्दल ऐकलंय. बाकीच्या टोळ्यांना मी तुमचंच उदाहरण देते."

"ऐक वर्ना, चांगली बातमी आहे," हॅस्किन्स म्हणाला. "पुढच्या साली नदीपर्यंतचा अख्खा रस्ता आपल्याला मिळतोय. साठ खड्डे. मी कागदावर पहिलं नाव तुझं लिहिलंय. काठी वर्नाची, मग बाकीचे कोण ते नंतर बघू. तू काय सांगायला आलीस?"

वर्नानं तोंड उघडलं. जिचं तोंड आयुष्यात एकदाही वेळेवर बंद झालं नव्हतं, तिचं त्या दिवशी वेळेवर उघडलं आणि आतून काही आलं नाही. कागदावर पहिलं नाव. साठ खड्डे, म्हणजे अजून दोन वर्षं सकाळी कुणीतरी म्हणणार, आलीस का गं वर्ना.

"काही नाही," ती म्हणाली. "तळ तयार आहे म्हणायला आले."

तेवढ्यात मागं पोकलेनचं इंजिन घरघरलं.

७

ती धावली. पाय जड होते, चिखलातून काढावेत तसे एकेक काढावे लागत होते, आणि रस्ता तर कोरडा ठणठणीत. हॅस्किन्सच्या गाडीपासून खड्डा चाळीस पावलं. टँकरच्या आडोशानं तिला खड्डा दिसत नव्हता, नुसता पोकलेनचा लांब पिवळा हात दिसत होता. तो खाली गेला. थांबला. अजून जरासा खाली गेला. मग दात दगडात घुसावेत तसा आवाज आला. ती टँकरच्या चाकाला धरून राहिली. पोटऱ्यांतून काहीतरी ओढल्यासारखं खाली गेलं.

"ओरिन! थांब! मेल्या, थांब!"

इंजिन हळू झालं. ओरिननं खिडकीतून मान बाहेर काढली. तो वर्नाकडे बघत नव्हता. खड्ड्याकडे बघत होता.

"झालं की! मूठ मिटलीस तेव्हाच थांबलो. अजून काय?"

"कुणी मिटली?"

त्याला ऐकू गेलं नसावं. "पण तू खाली उतरलीस, याचं नवल वाटलं मला," तो खड्ड्याशी बोलत होता, थट्टेच्या सुरात. "एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! आमच्यासारख्याला जिवंत सोडली नसतीस."

वर्ना टँकरच्या कडेनं पुढं सरकली. केशरी जाळीतून, खड्ड्याच्या मध्यावर, एक लाल हेल्मेट दिसलं. पाठमोरं. क्षणभरच. मग ते खाली वाकलं, फळी उचलायला वाकावं तसं, आणि काठाआड गेलं.

टोळीत लाल हेल्मेट एकच होतं. वर्नानं डोक्याला हात लावला. हाताला नुसते केस लागले.

८

टँकरनं खड्ड्यात फूटभर पाणी सोडलं. मिस ट्रॅननं घड्याळ लावलं. तासाभरात चार इंच पाणी जिरलं, दोन इंच जिरलं तरी पास होतं. दुपारपर्यंत तळ उघडा पडला.

वर्ना टँकरपाशीच उभी होती. तिला वाटलं, कुणीतरी विचारील, तू तिथं काय करतेस. पाण्याची नळी गुंडाळणारा माणूस तिच्या बाजूनं गेला, खांबाला वळसा घालावा तसा.

"अप्रतिम तळ," मिस ट्रॅन जाळीवरून वाकून म्हणाली. "असा तळ मी बऱ्याच दिवसांत पाहिला नाही हं."

"मी इथं आहे," वर्ना म्हणाली.

मिस ट्रॅननं कानावरचे केस मागं सारले आणि कागदावर सही केली.

चार वाजता सगळे निघाले. हॅस्किन्सची गाडी गेली. टँकर गेला. ओरिननं मशीनला कुलूप लावलं, डबा उचलला आणि नेहमीसारखी दोन बोटं कपाळाला लावली. "उद्या ये वेळेवर, म्हातारे." ते तो जाळीकडे बघून म्हणाला, आणि काहीतरी ऐकून मोठ्यानं हसला. "तुझीच आई," असं म्हणत शीळ घालत निघून गेला.

गल्ली रिकामी झाली. वर्नाला घरी जायचं होतं. तिनं पाय उचलायला म्हणून खाली पाहिलं.

ती डांबरावर उभी होती. कोरड्या, काळ्या, कठीण डांबरावर. बुटांचे तळ दिसत नव्हते. टाचा दिसत नव्हत्या. नाडीची खालची दोन भोकंही दिसत नव्हती. बूट डांबरातून वर आल्यासारखे तिसऱ्या भोकापासून सुरू होत होते, आणि भोवती चीर नाही, भेग नाही. तिनं जोर लावला. पाय निघाला. समोर टाकला, तर तोही तेवढाच आत गेला, शांतपणे, रवाळ मातीत जावा तसा.

तळव्यांना खालून काहीच लागत नव्हतं. तीन दिवस जे खाली उभं होतं, ते आता तिथं नव्हतं.

खड्ड्यातून डबीचा आवाज आला. एकच लांब सूर. लेव्हल बरोबर होती. काठी कुणीतरी सरळ धरली होती.

मग फोन वाजला. वर्नाचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. फोन खड्ड्यात वाजत होता, सोमवारसारखा. दोनदा वाजला. तिसऱ्यांदा वाजायच्या आत कुणीतरी उचलला.

"ग्लेनिस?" जाळीपलीकडून आवाज आला. खरखरीत, तोंडाळ बाईचा आवाज, पण वर्नाला तो कधी जमला नव्हता इतका मऊ. "होय गं. मीच. किती दिवसांनी! बोल ना, मला कसलीच घाई नाही."

आणि मग जाळीपलीकडे कुणीतरी पाय जुळवून उभं राहिलं आणि ऐकत राहिलं.